तीन लांब, दोन आखूड

हॅनकॉक, मिशिगन
१४ एप्रिल २०१८

प्रिय लेम्पी आत्या,

सरोवरांवरचा बर्फ फुटला, म्हणजे तुझं जहाज निघालं असणार. हे पत्र डेट्रॉइटला डाकबोटीतून येईल आणि तू ते बादलीला दोरी बांधून वर ओढून घेशील. फोनवर मी आधी ओरडतो आणि मग ऐकतो, असं तुझं म्हणणं. म्हणून घे, पत्र.

मी कॉलेज सोडलं. लगेच कपाळाला हात लावू नकोस. अडीच वर्षं त्या वर्गांत बसून मला एवढंच कळलं, की प्राध्यापक फळ्याला शिकवतात. फळा काही शिकत नाही, आणि आम्ही फळ्याहून हुशार नव्हतो.

रेनाटा मला सोडून जानेवारीतच शिकागोला गेली. तिला तिथे नोकरी लागली आणि नोकरीबरोबर एक प्रेस्टनही लागला. प्रेस्टन! हे काय माणसाचं नाव आहे? हे तर गाद्यांच्या दुकानाचं नाव वाटतं. परकीय चलनाचे सौदे करून देणाऱ्या एका परवानाधारक कंपनीत तो नियमपालन खात्यात आहे. म्हणजे दुसरे लोक पैसा कमावतात आणि हा शेजारी उभा राहून 'असं करू नका' म्हणतो. त्याचा पगार त्याचाच.

चलनाचे तेच सौदे मी आता स्वतः करतो, त्याच्या परवानगीशिवाय. तुला समजेल असं सांगतो. युरो चढेल की पडेल यावर पैसा लावायचा. तुझ्याकडे शंभर डॉलर असतील तर आमच्या अमेरिकेतली कंपनी तुला फार तर पाच हजारांचा सौदा करू देते. पन्नासपट, वर एक पैसा नाही. शिवाय एकाच चलनाची खरेदी आणि विक्री एकाच वेळी चालू ठेवायची नाही. आधी घेतलेला सौदा आधी मोडायचा, जसं काही दूध नासतंय. वॉशिंग्टनच्या त्या बाबूंना वाटतं की अमेरिकन माणूस म्हणजे काट्याने सूप पिणारं पोर. बाकीचं जग पाचशेपट करतं. एका उष्ण बेटावर कोरल क्राउन नावाची कंपनी आहे, ती शंभर डॉलरवर पन्नास हजारांचा सौदा देते आणि वर 'चॅम्पियन' म्हणते.

एक छोटीशी गोष्ट. त्या कंपनीला अमेरिकन गिऱ्हाईक कागदोपत्री चालत नाही. त्यांचा ज्युलियन फोनवर म्हणाला, "कुणी कॅनडात आहे का तुझं? तो पत्ता टाक. सगळे तेच करतात." म्हणून मी थंडर बेचा तुझा पत्ता टाकला. काही टपाल आलं तर ठेवून दे. नुसता उपचार आहे.

बाबांची बोट शेडमध्ये आहे. काळजी नको.

तुझा,
ओन्नी


जहाज 'नॉर्दर्न हेरॉन', ह्यूरन सरोवर
६ मे

ओन्नी,

पत्र मिळालं. बादलीत तुझ्या पत्राबरोबर चीफ इंजिनियरची मूळव्याधीची औषधं होती. त्यांतलं जास्त उपयोगाचं काय, ते ठरवायचंय.

कॉलेज सोडलंस. ठीक. तुझ्या बापाने आठवीत शाळा सोडली होती, पण त्याने त्यावर भाषण केलं नाही. दुसऱ्या दिवशी जाळी ओढायला गेला.

बावीस माणसांना मी तीन वेळा जेवू घालते. गुरुवारी वाटाण्याचं सूप असतं आणि दर गुरुवारी कुणीतरी तोंड वाकडं करतं. तेव्हा तोंड वाकडं करणाऱ्यांचा मला अनुभव आहे. तुला नियमाचा राग नाही. तुला नियम सांगणाऱ्याचा राग आहे. तो शिकागोचा गादीवाला उद्या 'पाण्यात बुडू नका' म्हणाला, तर तू गळ्यात दगड बांधशील.

आणि माझा पत्ता कुठल्या कागदावर टाकलास? विचारलंस का? आयजीच्या जिवावर बायजी उदार! मी त्या घराची पायरी न् पायरी या जहाजावर कांदे चिरून घेतली आहे. जी कंपनी तुला पहिल्याच दिवशी खोटं लिहायला शिकवते, ती दुसऱ्या दिवशी काय करेल? एवढं गणित तर आठवीच्या पोरालाही येतं.

बोट लवकर पाण्यात घाल. लाकूड कोरडं राहिलं की फटी पडतात. जूनअखेर आम्ही ड्युलुथहून गहू भरून कॉपर हार्बरच्या टोकाबाहेरून जाऊ. कॅप्टन बुशार भोंगा देईल, नेहमीसारखा तीन लांब, दोन आखूड. तुझा बाप ताउनो असताना त्याने एकही वर्ष उत्तर चुकवलं नाही. गेल्या वर्षी तू दिलंस. स्वयंपाकघरात हातातलं उलथणं खाली पडलं माझ्या.

आत्या


हॅनकॉक
२ जून

प्रिय आत्या,

तुझं पत्र वाचून मी खूप हसलो, कारण पत्र वाचलं तेव्हा माझ्या खात्यातला आकडा दुप्पट झाला होता. आज तो तिप्पट आहे. आता बोल.

पंधरा मिनिटांत मी जे कमावतो, ते प्रेस्टन आठवडाभर टाय घालून कमावतो. ज्युलियन रोज फोन करतो. आवाज इतका गोड, की वाटतं चर्चमध्ये गात असेल. "ओन्नी, चॅम्पियन, तुझ्यात ती भूक आहे," म्हणतो. अडीच वर्षांत एका प्राध्यापकाला माझं नाव नीट उच्चारता आलं नाही. या माणसाला पहिल्या दिवसापासून येतं.

रविवारी मी रेनाटाला फोन केला. मुद्दामच. आकडा सांगितला. तिने आकडा पुन्हा विचारला. मला वाटलं थक्क झाली. मग म्हणाली, "ओन्नी, त्यातले शंभर डॉलर काढून दाखव."

"शंभर? अगं, मी शिकागोत घर..."

"घर नको. शंभर डॉलर. तुझ्या इथल्या बँकेत आलेले."

मागून गादीवाल्याचा आवाज आला, काहीतरी कुजबुजला. म्हणजे वाक्य याचं, तोंड तिचं! मी फोन आपटला. आता शंभर कशाला, अर्धी रक्कम काढून तिच्या दारात जाऊन उभा राहतो. तिला अंगठी आणि त्याला नवी गादी. पैसे काढायचा अर्ज आजच टाकलाय.

बोट रंगवतोय. त्यामुळे या वर्षी पाण्यात जरा उशिरा जाईल.

ओन्नी


हॅनकॉक
२५ जून

आत्या,

घाईत लिहितोय. तू जहाजावर आहेस की घरी, काही कळत नाही. तुझा फोन लागत नाही, म्हणून हे.

पैसे अडकलेत. विशेष काही नाही, पडताळणी म्हणतात. पत्त्याचा पुरावा मागतायत. कॅनडाचं वीजबिल, माझ्या नावाचं. माझ्याकडे कुठून असणार? ज्युलियनला म्हटलं, तूच सांगितलंस ना तो पत्ता टाकायला? तर पाच मिनिटं संगीत ऐकवलं आणि नंतर एक बाई म्हणाली, "अशी सूचना आमच्याकडून गेल्याची नोंद नाही." फोनवर सांगितलं होतं, नोंद कशी असेल? ज्युलियन त्या दिवसापासून सुट्टीवर आहे.

म्हणून एकच कर. ते थंडर बेच्या घरी फोन करणार आहेत. एवढंच म्हण, की ओन्नी माझा भाचा, माझ्याकडेच राहतो, वर्ष झालं. बस्स. एक वाक्य. तू कधी खोटं बोलत नाहीस हे सगळ्या सरोवरांना माहीत आहे, म्हणून तर तुझं एक खोटं खपेल. सगळं त्यावर आहे आत्या. किती, ते आत्ता सांगत नाही, पण सगळं.

ओन्नी


जहाज 'नॉर्दर्न हेरॉन', सुपीरियर सरोवर
२८ जून

ओन्नी,

तुझं दोन जूनचं पत्र मिळालं. पुढचं काही असेल तर ते डेट्रॉइटला वाट बघत असेल.

दोन गोष्टी लिहायच्यात.

शनिवारी आमचं जहाज थंडर बेला होतं, म्हणून मी घरी कपडे धुवायला गेले. फोन वाजला. मागे इतका गलका, की वाटलं मासळीबाजारातूनच बोलतायत. एकाने विचारलं, "ओन्नी केस्किला तुमच्या घरी राहतो का?" मी म्हटलं, छे! तो अमेरिकन आहे. हॅनकॉकला राहतो, जन्मापासून तिथेच. बापाची बोट सांभाळतो. मोठ्या तोऱ्यात सांगितलं मी. तो म्हणाला, "आभारी आहोत, मॅडम, फार मदत झाली." मला वाटलं, तू कुठे नोकरीला अर्ज केलायस आणि चौकशी चाललीय. बरंही वाटलं.

दुसरी गोष्ट. काल कॉपर हार्बरच्या टोकाबाहेर आम्हाला ताउनोची बोट दिसली. मी डेकवरच होते, बटाटे सोलत. दुर्बिणीशिवाय ओळखली. तिचं नाक मी जन्मभर बघतेय. कॅप्टनने भोंगा दिला, तीन लांब, दोन आखूड.

उत्तर नाही.

कॅप्टनने परत दिला. बोटीवर एक जाडा माणूस होता. त्याने टोपी वर करून हलवली, सहलीला आलेल्या पोरासारखी. मग मी दुर्बीण मागितली. जिथे पांढऱ्या अक्षरांत माझं नाव होतं तिथे हिरवा रंग होता आणि वर 'लेडी इन्ग्रिड'.

बोट रंगवतोयस, असं लिहिलं होतंस. छान रंगवलीस.

माझ्या भावाने भोंग्याला उत्तर दिलं नाही, असं फक्त एकदा झालं आणि तेव्हा तो मेलेला होता. म्हणून विचारते. तू कुठे आहेस?

आत्या


हॅनकॉक
९ जुलै

आत्या,

फार मदत झाली! खरंच फार मदत झाली, मॅडम!

हे बघ काय आलंय, शब्दशः लिहितो: "ग्राहकाने निवासाची खोटी माहिती दिली. आमची कंपनी अमेरिकन रहिवाशांना सेवा देत नाही. करारानुसार खाते बंद करण्यात येत आहे व त्यातील रक्कम जप्त करण्यात येत आहे." अमेरिकन आहे हे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. पैसे आत घेताना मी कॅनडाचा चालत होतो. बाहेर काढताना मी अमेरिकेचा झालो. आणि तसा शिक्का कुणी मारला? माझ्या सख्ख्या आत्याने, कपडे धुता धुता, मोठ्या तोऱ्यात.

एक वाक्य मागितलं होतं. आयुष्यभर बावीस परक्यांना सूप वाढतेस, माझ्यासाठी एक वाक्य वाढलं नाहीस. तुझा तो खरेपणा घे आणि काचेच्या कपाटात ठेव. तू आणि प्रेस्टन एकाच माळेचे मणी. हात स्वच्छ, मान ताठ, आणि समोर माणूस बुडतोय.

हो, विकली बोट. मार्चमध्येच विकली, तुला पहिलं पत्र लिहायच्या आधी. बेर्गस्ट्रॉम नावाच्या स्वीडिश माणसाला, आपण फिनिश लोक असून. काय करणार होतो मी तिचं? दर उन्हाळ्यात ट्राउट धरायचे, धूर द्यायचा, पर्यटकांना विकायचे, आणि रेनाटाला म्हणायचं, ये, माझ्या अंगाला माशाचा वास येतो त्यात संसार कर? तिने असं कधी म्हटलं नाही. पण गेली ना?

सगळे पैसे त्या खात्यात होते. सगळे. तुझं नाव खरवडलं तेव्हा मी तिथे नव्हतो. रंगाचा वास सहन झाला नसता.

आता लिहू नकोस.

ओन्नी


थंडर बे
३ ऑगस्ट

ओन्नी,

लिहितेय. तू सांगितलेलं ऐकायला मी काही युरो नाही.

तुझी दोन्ही पत्रं डेट्रॉइटला एकाच बादलीत आली. मी आधी नऊ जुलैचं फोडलं, मग पंचवीस जूनचं. म्हणजे शिव्या आधी खाल्ल्या आणि गुन्हा नंतर कळला. तुझं 'एक वाक्य' माझ्यापर्यंत आलं, तेव्हा मी खरं बोलून पंधरवडा होऊन गेला होता. हे सांगते ते माफी मागायला नाही. कळलं असतं तरी त्या दिवशी मी खोटं बोलले नसते.

पण परवा बोलले.

घरी आल्यावर फोनमध्ये त्यांचा नंबर होता. लावला. मी म्हटलं, "मागे माझी चूक झाली. वय झालं. ओन्नी माझ्याकडेच राहतो, माडीवर, वर्ष झालं, माझंच सूप पितो."  अठ्ठावन्न वर्षांत पहिलं खोटं.

तो माणूस अगदी खूश. "उत्तम, मॅडम! मग प्रश्नच मिटला. आता फक्त नफ्याच्या पाचव्या हिश्शाएवढा कर आमच्याकडे भरा, म्हणजे सगळी रक्कम सुटेल."

मी म्हटलं, "त्याच्याच पैशातून कापून घ्या की."

"तसं नियमात बसत नाही."

"आणि मी तो कर भरला तर?"

"मग फक्त हस्तांतराचं शुल्क."

"आणि ते भरलं तर?"

त्याने मला 'चॅम्पियन' म्हटलं. मी फोन ठेवला.

आता समजलं? मी खरं बोलले तेव्हा दार बंद. खोटं बोलले तेव्हाही बंद. ते दार नव्हतंच रे, भिंतीवर रंगवलेलं होतं. तुझा तिप्पट झालेला आकडाही तसाच, रंगवलेला. आणि गंमत बघ. तुमच्या देशाचे तीन नियम तुला जड झाले, म्हणून तू असल्या लोकांकडे गेलास, आणि त्यांनी तुला नियमच दाखवून लुटलं. गाढवा, ती पन्नासपटीची मर्यादा कुणी वॉशिंग्टनच्या शहाण्याने हौसेने घातलेली नाही. तुझ्यासारखी पोरं मोजून घातली असणार.

माझं पहिलंवहिलं खोटं तुझ्यावर फुकट गेलं, हे मी विसरणार नाही.

बोटीबद्दल काही लिहीत नाही. लिहायला बसले तर रात्र पुरणार नाही, आणि उद्या मला बावीस जणांचं जेवण करायचंय.

एक काम कर. त्या गादीवाल्याला फोन कर. असल्या कंपन्यांविरुद्ध तक्रार कुठे करायची ते त्याला माहीत असेल. तक्रारीत खरं लिही, की पत्ता खोटा होता आणि तो तू लिहिलास. पैसे येणार नाहीत. पण पुढच्या गाढवाला त्या बेटाबद्दलची धोक्याची पाटी तरी वाचता येईल.

आत्या


कॉपर हार्बर
११ ऑक्टोबर

प्रिय आत्या,

पत्ता बदललाय, बघ. या वेळी खरा आहे.

प्रेस्टनला फोन केला. तीनदा नंबर लावून तीनदा ठेवला, मग केला. त्याला आधीच सांगितलं, की मला तू आवडत नाहीस. तो म्हणाला, "हो, कल्पना आहे. कागद काय काय आहेत तुझ्याकडे?" हसला असता तर बरं झालं असतं. हसला नाही. दोन तास बसून अर्ज कसा भरायचा ते सांगितलं. 'निवासाची माहिती कोणी दिली?' या ओळीपाशी मी थांबलो, तर तोही थांबला. घसासुद्धा खाकरला नाही. असल्या माणसाचा तिरस्कार करायला फार मेहनत पडते. तरी मी करतोय.

सरकारी उत्तर आलं. कंपनी आमच्या हाताबाहेर आहे, इशाऱ्याच्या यादीत नाव टाकलं आहे. ते बाबू आम्हाला पोर समजतात, असं मी म्हणालो होतो. आता पोर हातातून पडल्यावर ते नाव लिहून घेतात. आधीही मूर्ख, नंतरही मूर्ख. पण निदान त्या बेटावरच्यांसारखे चोर नाहीत.

रेनाटाने पुढच्या मे महिन्यात लग्न ठरवलंय. तिनेच फोन करून सांगितलं. मी म्हटलं, "अभिनंदन, गाद्या स्वस्तात पडतील." ती म्हणाली, "तू सुधारणार नाहीस." आवाजात राग नव्हता. राग असता तर मी शिकागोला पळत गेलो असतो.

आणि मी बेर्गस्ट्रॉमकडे कामाला लागलो. हो, त्याच बोटीवर. त्याला जाळं टाकता येत नाही, इंजिन ऐकता येत नाही. वारा वायव्येचा आहे हे मोबाइलमध्ये बघून मला सांगतो. स्वीडिश माणूस, काय करणार! मला मजुरी देतो आणि वर माझ्याच बापाची बोट मला समजावून सांगतो. पहिल्या दिवशी म्हणाला, "पोरा, हिला डावीकडे ओढ घ्यायची खोड आहे." मी म्हटलं, "काका, हिला खोड नाही, तुम्हाला हात नाही." तरी ठेवून घेतलं.

मंगळवारी टोकाबाहेर जाळं ओढत होतो. हेरॉन दिसलं. मी बेर्गस्ट्रॉमकडे बघितलं नाही, हातातलं जाळंच घट्ट धरून राहिलो. वाटलं, आता कॅप्टन भोंगा देणार नाही. का देईल? उत्तर न देणाऱ्या बोटीला कोण हाक मारतं?

दिला. तीन लांब, दोन आखूड.

बेर्गस्ट्रॉमने टोपी काढली, हलवायला. मी जाळं सोडलं, त्याला बाजूला सारलं आणि भोंग्याची दोरी ओढली.

तो ओरडला, "अरे, भोंगा फक्त संकटासाठी असतो!"

मी म्हटलं, "आत्या चाललीय माझी."

"हॅ! ती काय संकट आहे?"

"तुम्हाला तिची पत्रं येत नाहीत म्हणून," मी म्हटलं.

जाळं गेलं पाण्यात. अर्ध्या दिवसाची मजुरी कापली. हिरवा रंग नाकावर एका ठिकाणी पोपडे धरतोय, आणि मी त्याला मुद्दाम सांगितलेलं नाही.

तू डेकवर होतीस का? ऐकू आलं का?

तुझा,
ओन्नी


जहाज 'नॉर्दर्न हेरॉन', डेट्रॉइट नदी
२ नोव्हेंबर

ओन्नी,

आलं. स्वयंपाकघरात होते, उलथणं खाली पडलं.

दुसरा आखूड जरा लांबलाच. तुझ्या बापाचाही लांबायचा.

आत्या